वाटसरूची हजेरी

शाळेचा दिवस हजेरीने सुरू होतो. नाव पुकारले की 'हाजिर' असा आवाज येतो. आवाज आला नाही तर आपण पटावरून मान वर करून बघतो. का आला नाही, ताप आहे की घरच्यांनी कामाला लावले, अशी चौकशी होते. इतक्या वर्षांच्या या रोजच्या कामातली एक साधी गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. ज्या मुलाचे नावच हजेरीपटात नाही, ते कधी गैरहजरही ठरत नाही. त्याच्यासाठी कोणी मान वर करीत नाही.

ही गोष्ट ध्यानात आणून दिली ती आमच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने, आणि तीही ऑस्ट्रेलियातल्या वणव्याची हकीकत सांगताना. ती मूळची वसईची. बी.एड.ला आम्ही एकाच बाकावर बसत होतो. लग्नानंतर ती मेलबर्नला गेली. नाताळात माहेरी आली की आम्हाला भेटल्याशिवाय परत जात नाही.

२०१९च्या नाताळात ती, तिचे यजमान आणि दोन मुले सुट्टीसाठी लेक्स एन्ट्रन्स या गावी गेली होती. मेलबर्नपासून पूर्वेला सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, ईस्ट गिप्सलँड भागात हे गाव आहे. एका अंगाला समुद्र आणि सरोवरे, दुसऱ्या अंगाला निलगिरीची अफाट जंगले. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे कडक उन्हाळा. निलगिरीच्या पानांत तेल असते. तिची सुटलेली साल पेट घेऊन वाऱ्यावर उडते आणि मूळ आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे नवी आग लावते. आग अजून लांब आहे, हा हिशेब तिथे चालत नाही. ७ फेब्रुवारी २००९च्या शनिवारी याच व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसे वणव्यात गेली. त्यांतली बरीच आपापल्या घरातच दगावली. वेळ आहे तोवर निघून जा, हा धडा तिथल्या लोकांनी तेव्हा फार मोठी किंमत देऊन घेतला.

२०१९च्या नोव्हेंबरपासून ईस्ट गिप्सलँडच्या जंगलात वीज पडून लागलेल्या आगी धुमसत होत्या. २९ डिसेंबरला रविवार होता. मैत्रीण सांगत होती, "सकाळी उठले तर हवेत धुराचा वास. ओळखीचे कोणी नाही. काय करावे कळेना. मग म्हटले, आधी मिस्सेला जाऊ." गावातले चर्च तिने शोधून काढले. पंचवीसतीस माणसे होती, बहुतेक उतारवयाची. मिस्सा झाल्यावर मागच्या हॉलमध्ये चहा होता. तिथे एक आजीबाई तिच्याजवळ आल्या. कुठे उतरलात, गाडीत पेट्रोल किती आहे, कोणत्या रस्त्याने परतणार, अशी एकेक चौकशी त्यांनी केली. प्रार्थनेच्या कागदामागे हिचा फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, "आजच निघा. पोचलात की कळवा. नाही कळवलेत तर रात्री मीच फोन करीन."

त्याच दिवशी सरकारचा इशारा आला. सोमवारी सकाळी नऊच्या आत सर्व प्रवाशांनी ईस्ट गिप्सलँड सोडावे, महामार्ग केव्हाही बंद होईल. त्या वेळी त्या भागात तीस हजारांच्या आसपास पर्यटक असल्याचा अंदाज होता. हे लोक निघाले. वाटेत बैर्न्सडेल लागले. तिथल्या सेंट मेरी चर्चचे छत आणि भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. ती फ्लोरियानी नावाच्या इटालियन चित्रकाराने काढली. १९३०च्या दशकातल्या मंदीत काम शोधत फिरणारा हा परदेशी माणूस, त्याला त्या चर्चने भिंती दिल्या आणि पोटाची सोय केली. मुलांना पाणी पाजण्यापुरते थांबून हे लोक पुढे गेले. मेलबर्नला पोचेपर्यंत रात्र झाली. दमलेल्या मुलांना झोपवण्याच्या गडबडीत कळवायचे राहून गेले. दहाच्या सुमारास फोन वाजला. आजीबाईच होत्या.

पुढे काय झाले ते जगाने पाहिले. सोमवारी आगी पसरल्या. ३१ तारखेला सकाळी त्याच भागातल्या मॅलकूटा गावावर आकाश आधी काळे आणि मग लालभडक झाले. सुमारे चार हजार माणसे समुद्रकिनाऱ्यावर अडकली. हजाराहून अधिक लोकांना नंतर नौदलाच्या जहाजाने बाहेर काढले. त्या मोसमात देशभर ३३ माणसे प्रत्यक्ष आगीत गेली आणि तीन हजारांहून अधिक घरे जळाली. मैत्रिणीने घाबरून आजीबाईंना फोन लावला. त्या सुखरूप होत्या. तुमची खबर कोण घेते, असे विचारल्यावर म्हणाल्या, "आमची चर्चची यादी आहे. आगीच्या दिवसांत प्रत्येकाने दोघांना फोन करायचा. माझ्या वाट्याचे दोन झाले की तिसरा मी तुला करते."

आम्ही म्हटले, "किती चांगली माणसे!" पण मैत्रिणीचा चेहरा काही खुलला नाही. ती म्हणाली, "अगं, आमच्या शेजारच्या खोलीत एक कुटुंब उतरले होते. कोणत्या देशाचे, कोणत्या धर्माचे, ठाऊक नाही. लहान मूल होते. आम्ही गाडीत सामान भरत होतो तेव्हा त्यांचे दार बंद होते. त्यांचा नंबर कोणी लिहून घेतला असेल? आणि आजीबाईंचे सोड, मी तरी ते दार कुठे ठोठावले? मी चर्चमध्ये जाऊन माझी माणसे शोधली. ती मिळाली, आणि मी निर्धास्त झाले. हे चांगले झाले की वाईट?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. परक्या मुलखात भीती वाटली की माणूस आपल्या धर्माची माणसे शोधतो. मुसलमान आधी मशीद कुठे आहे ते विचारतो. हा कोतेपणा आहे काय? आमच्या ओळखीचे काही सुधारक मित्र म्हणतील, होय. संकटात माणूस बघावा, जात-जमात कसली बघता? ऐकायला हे छान वाटते. पण माणुसकीला फोन करता येत नाही. फोन दोघांनाच करता येतो, फार तर दहाजणांना. सगळ्या जगावर प्रेम करणाऱ्याच्या वहीत एकही नंबर नसेल, तर वणव्याच्या रात्री त्याचे प्रेम काय कामाचे? जमात, मंडळी, संगत, नाव काहीही द्या. तिचा खरा उपयोग हा की तिथे आपली गणती होते. आपण आलो नाही तर कोणीतरी विचारतो.

गंमत अशी की दोन्ही धर्मांनी जीव धोक्यात घालून जमण्याचा आग्रह कधी धरलेला नाही. गंभीर कारण असेल तर रविवारच्या मिस्सेचे बंधन कॅथलिकांवर राहत नाही, असे मैत्रीण सांगते. आपल्याकडे मुसाफिरावर जुम्मा फर्ज नाही, चार रकअतींची नमाज तो दोन करतो. मुसळधार पावसात अजान देताना, आपापल्या घरी नमाज पढा, असे पुकारल्याचे हदीसमध्ये आले आहे. म्हणजे जमात माणसासाठी आहे. आणि ती कशासाठी, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या वागण्यातून दाखवले. मशिदीत झाडलोट करणारी एक गरीब स्त्री होती. ती दिसेना म्हणून त्यांनी चौकशी केली. ती वारल्याचे लोकांनी सांगितले. एवढ्यासाठी आपल्याला कशाला त्रास द्यायचा, असे त्यांना वाटले होते. प्रेषितांनी त्यांना बोल लावला, तिची कबर विचारून घेतली आणि तिथे जाऊन तिच्यासाठी दुआ केली. ही जमातीची खरी हजेरी. झाडू मारणारीचेही नाव ज्या पटात आहे, तो पट.

तेव्हा मैत्रिणीने चर्च शोधले ते चूक नव्हते. तिथे गेली म्हणून ती मोजली गेली. पण प्रश्न तिथे संपत नाही. जो कोणत्याच पटात नाही, त्याचे काय? इथे आम्हाला दुसऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार नाही. आमच्याही हातून हेच घडले आहे.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूण बुडाले. आदल्याच दिवशी बकरी ईद झाली होती. आमच्या मोहल्ल्यात पाणी ओसरल्यावर मदत येऊ लागली. तांदूळ, डाळ, चटया, साबण. वाटपाची यादी करायचे काम आमच्याकडे आले, कारण आम्ही मास्तरकी करतो, अक्षर बरे आहे. आम्ही जमातीच्या वर्गणीची वही समोर ठेवली आणि एकेक घर उतरवून काढले. एकही घर सुटले नाही. दोनदा पडताळून पाहिले. मोहल्ल्याच्या टोकाला रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची एक झोपडी होती, नवराबायको आणि एक मुलगा. ते काही महिन्यांपूर्वीच आलेले, वर्गणी देणारे नव्हते, म्हणून वहीत नव्हते. वहीत नव्हते म्हणून यादीत आले नाहीत. तीन दिवस त्यांना काहीही मिळाले नाही. कोणी नाही म्हटले नाही, कोणी हाकलले नाही. त्यांचा धर्म कोणता, हे आम्हाला आजही माहीत नाही. चौथ्या दिवशी तो मुलगा आमच्या दाराशी उभा राहिला तेव्हा त्याला आम्ही पहिल्यांदा पाहिले.

दुष्टाव्याने फार थोडे लोक उपाशी राहतात. बहुतेक लोक राहतात ते नीट केलेल्या याद्यांमुळे. यादी जितकी पक्की, तितकी तिच्याबाहेरच्या माणसाची आठवण कमी. पवित्र कुरआनने जकातीच्या हक्कदारांत मुसाफिराचा वेगळा उल्लेख केला आहे. गरीब तर आधीच सांगितले होते, मग मुसाफिर वेगळा का? आम्हाला वाटते, कारण घरी तो सुखवस्तू असला तरी वाटेवर त्याचे नाव कोणाच्याच वहीत नसते. आरंभीचे मुसलमान हबशाला गेले तेव्हा ते असेच होते. तिथल्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, त्यांना परत पाठवायला आलेल्यांचे नजराणे परत केले आणि त्यांना आसरा दिला. आपल्या इतिहासातली पहिली हिजरत ख्रिस्ती माणसाच्या दारात सुखरूप पोचली, हे आपण मुलांना शिकवतो. पण आपल्या दारात तसे कोण पोचले, हे विचारायचे राहून जाते.

त्याच वणव्यातली आणखी एक हकीकत मैत्रिणीने आवर्जून सांगितली. मेलबर्नच्या न्यूपोर्ट भागातल्या मशिदीतल्या मुसलमान बायकांनी सामान गोळा केले. पाच ट्रक भरून ते ईस्ट गिप्सलँडला नेले आणि जॉन्सनव्हिल गावी पहाटे उठून दीडशेच्या आसपास अग्निशमन जवानांसाठी न्याहारी रांधली. शिखांनीही त्या भागात लंगर लावला होता. या बायका आधी एकमेकींच्या पटात होत्या, म्हणूनच पाच ट्रक भरू शकल्या. एकट्यादुकटीचे ते काम नव्हते. पण भरलेले ट्रक त्यांनी आपल्याच मोहल्ल्यात फिरवले नाहीत. आजीबाईंचेही तसेच. त्यांच्या वाट्याला दोन फोन होते, तिसरा त्यांनी आपणहून केला. आपले दोन झाल्यावर तिसरा करतो की नाही, यावर जमातीची परीक्षा होते. ज्याला पहिले दोनही नाहीत त्याला तिसरा सुचत नाही, आणि जो दोनावर थांबतो त्याची जमात नुसते कुंपण होऊन बसते.

मैत्रीण निघताना म्हणाली, "ते दार अजून माझ्या डोळ्यांपुढे येते." आम्ही तिला झोपडीतल्या मुलाचे सांगितले. दोघीही थोडा वेळ गप्प बसलो. अशा गोष्टीचे परिमार्जन बोलून होत नाही.

शाळेच्या हजेरीपटात शेवटच्या नावाखाली काही ओळी कोऱ्या असतात. वर्षाच्या मध्ये येणाऱ्या मुलांसाठी त्या सोडलेल्या असतात. रमजानच्या शिधावाटपाची यादी आता आम्ही तशीच करतो. वर्गणीच्या वहीतली नावे झाली की खाली दोन ओळी मोकळ्या सोडतो, आणि त्या भरायला कोणी आहे का ते बघायला मोहल्ल्याच्या टोकापर्यंत चालत जातो. एका वर्षी त्या कोऱ्याच राहिल्या. तरी पुढच्या वर्षी पुन्हा सोडल्या.