बावन्न वजा सत्तावीस

मोबाइलवरच्या गणिताच्या खेळात ५२ वजा २७ येतं. खाली चार उत्तरं. तिसरीतलं पोरगं ३५ वर बोट ठेवतं. टुंग आवाज, लाल फुली. लगेच ते २५ दाबून बघतं. चांदणी मिळाली, चला पुढे!

हे ३५ आलं कुठून, ते कुणी विचारलंच नाही. पोरानं अंदाज ठोकला नव्हता. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान काढायचा, हा त्याचा स्वतःचा नियम. चांदणी मिळाली तरी तो नियम जागच्या जागी आहे आणि उद्या वहीत पुन्हा उतरणार आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई यावर काड्या काढतात. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. आता यातल्या सत्तावीस मला दे. दोन गठ्ठे लगेच हातात येतात, सुट्या सात काही मिळत नाहीत. मूल जरा अडतं, बाईंकडे बघतं आणि मग एका गठ्ठ्याचं रबर काढतं. दशक सुटा करणं म्हणतात ते एवढंच.

पडद्यावरचा खेळ मी याच कसोटीवर पारखतो: त्यात गठ्ठा सोडता येतो का? काहींत येतो. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ प्रकल्प सुरू केला. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली, पण आज त्यात प्राथमिक गणितही आहे, तेही फुकट. त्यातल्या एका खेळात संख्या ओढून तिचे तुकडे करायचे आणि पुन्हा जोडून दहा बनवायचे. नुसतं खेळत बसलं तरी चालतं.

खेळांनी गणित सुधारतं का, हे बडोद्यात मोजून झालंय. ‘प्रथम’ संस्थेनं तिथल्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या निबंधात त्याचा हिशेब आहे. गुण चांगलेच वाढले. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला. आणखी एक बारकावा मला आवडतो: एका संगणकापुढे दोन मुलं बसत. यंत्रं कमी म्हणून असेल, पण दोघं असली की ‘अरे, पस्तीस कसे?’ असं विचारणारं शेजारीच असतं. घरात दोन भावंडं असतील तर एकच मोबाइल द्यावा. भांडतील थोडी, चालायचंच.

घड्याळ लावलेले खेळ मात्र तिसरी-चौथीला मी तरी देणार नाही. पाढे तोंडपाठ झाल्यावर वेगाची गंमत आहे. त्याआधी काटा पळायला लागला की मूल गणित सोडून काट्याकडेच बघतं.