अनास्थेचे गाणे आणि श्रोत्याची जागा

नगरजीवनातील अनुकरणवृत्ती व अनास्था यांवर बोट ठेवणाऱ्या गीतापुढे एक नैतिक पेच उभा राहतो. दोष दाखविणारा त्या दोषाच्या आत असतो की बाहेर?

माल्विना रेनॉल्ड्स यांचे ‘लिट्ल बॉक्सेस’ (१९६२) हे गीत सॅन फ्रान्सिस्कोनजीकच्या डेली सिटीतील टेकड्यांवरच्या एकसारख्या घरांवरून सुचले. पुढे पीट सीगर यांच्या आवाजात ते सर्वदूर पोचले. त्यातील उपरोध धारदार आहे. परंतु त्या घरांत राहणारे ‘ते’ आहेत, आणि हसणारा श्रोता त्यांच्यात स्वतःची गणना करीत नाही. अनुकरणाला एका सुरात हसणे हेही अखेर अनुकरणच ठरते.

ब्लूजची घडण वेगळी आहे. एक ओळ, तिचीच पुनरावृत्ती आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी ओळ, असा तिचा रूढ बंध असून बोलणारा बहुधा ‘मी’ असतो. लेडबेली यांचे ‘बूर्ज्वा ब्लूज’ वॉशिंग्टनमध्ये अनुभवलेल्या वर्णभेदातून १९३७ मध्ये जन्मले. येथे शहराची अनास्था ही अमूर्त कल्पना नसून तोंडावर बंद झालेले दार आहे. तथापि श्रोत्याला येथेही एक पळवाट उरते, ती म्हणजे सहानुभूतीची.

फिल ऑक्स यांनी १९६७ मध्ये हीही वाट बंद केली. ‘आउटसाइड ऑफ अ स्मॉल सर्कल ऑफ फ्रेंड्स’मध्ये बोलतो तो अनास्थ माणूसच, आणि तोही खेळकर पियानोच्या साथीने. गीतामागे १९६४ मधील न्यूयॉर्कच्या किटी जेनोविस हिच्या हत्येचा संदर्भ आहे. अडतीस शेजाऱ्यांनी ती निमूटपणे पाहिली, असे वृत्त तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिले होते. ते सदोष होते, हे पुढे त्याच वृत्तपत्राने २०१६ मध्ये मान्य केले.

मग गीत कोसळते काय? त्या वृत्तातील अडतीस जणही ‘ते’च होते. पडताळणी न करता त्यांचा धिक्कार करण्यात वाचकांची एकमुखी अनुकरणवृत्तीच प्रकटली. गीतानेही त्या समजाचा आधार घेतला, हे नाकारता येत नाही. मात्र त्यातील ‘मी’ अडतीस या आकड्यावर अवलंबून नाही. एकच माणूस त्याला पुरेसा आहे. तो माणूस कोण, या प्रश्नाचे उत्तर इतरांकडे बोट दाखवून देता येत नाही, आणि अशा गीताचे नैतिक मोल तेथेच आहे.