होतकरूचा निवाडा

गुणदोषविवेचन हा शब्द आपल्याकडे ग्रंथपरीक्षणाच्या संदर्भात चांगलाच रुळला आहे. ग्रंथाचे गुणदोष सांगणे तुलनेने सोपे असते, कारण ग्रंथ लिहून पुरा झालेला असतो. परीक्षकाच्या निंदेने त्यातील एखादे पान गळत नाही की स्तुतीने एखादे वाढत नाही. विशीतल्या माणसाचे तसे नाही. तो अजून लिहिला जात असतो, आणि त्याचे परीक्षण करणारेच पुष्कळदा त्याचे पुढचे पान लिहीत असतात. अशा माणसाचा निवाडा कोणत्या न्यायाने करावा हा प्रश्न आम्हांस व्यवसायामुळे नित्य भेटतो. परंतु त्याचे अगदी उघडेवाघडे रूप पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलकडे पाहावे, असे आमचे मत झाले आहे.

फुटबॉल म्हटले की गोव्यातील वाचकांच्या डोळ्यांपुढे जो खेळ उभा राहील तो हा नव्हे. अमेरिकेतील चेंडू अंडाकृती असतो, आणि खेळाच्या नावात पाय असला तरी तो मुख्यतः हातांनीच खेळला जातो. चढाई करणाऱ्या अकरा जणांचा सूत्रधार तो ‘क्वार्टरबॅक’. चेंडू हाती आल्यापासून जेमतेम तीन सेकंदांत, अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांकडे दुर्लक्ष करून, प्रतिपक्षाची मांडणी ओळखून, त्याला धावत्या सहकाऱ्याच्या पुढे नेमक्या जागी चेंडू फेकावयाचा असतो. पुढे पाच जणांची फळी त्याचे रक्षण करते. ती फळी ढासळली, झेलणारा भलत्याच दिशेला वळला, प्रशिक्षकाने चालच चुकीची सांगितली, तरी चेंडू प्रतिपक्षाच्या हाती गेला म्हणजे ती चूक क्वार्टरबॅकच्या खाती मांडली जाते.

विद्यापीठांतून आलेल्या तरुण खेळाडूंची वाटणी लीगचे बत्तीस संघ दर वर्षी करतात. नियम असा की आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट ठरला त्याने प्रथम निवडावे. निवडीच्या हक्कांची अदलाबदल चालते, पण मूळ नियम हाच. संघासंघांत समता राहावी हा त्यामागील हेतू, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. परंतु परिणाम पाहा: सर्वांत गुणी मुलगा बहुधा सर्वांत विस्कटलेल्या घरी जातो. संघांना न्याय देण्याची किंमत त्या मुलाने भरावयाची, अशी ही व्यवस्था आहे.

एप्रिल २०१८ मध्ये पहिल्याच फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नोल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझेन दहावा आणि लमार जॅक्सन बत्तिसावा. एकाच रात्री पाच तरुणांचे मूल्यमापन झाले. आज मागे वळून पाहता असे दिसते की ज्याला सर्वांच्या मागून घेतले तो जॅक्सन दोनदा, २०१९ आणि २०२३ च्या हंगामांसाठी, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु परीक्षक चुकले, एवढेच म्हणून आम्हांस थांबावयाचे नाही. चुकणे हा परीक्षकांचा धर्मच आहे. ते कशाचे मोजमाप करीत होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

डार्नोल्डचे उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क जेट्स संघाने त्याला निवडले तेव्हा त्याला एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्याच्या गुणांची यादी मोठी होती: बळकट हात, धावता धावता, पाय रोवलेले नसतानाही चेंडू नेमका फेकण्याची हातोटी, पडल्यावर पुन्हा उठण्याची चिवट वृत्ती. दोषांची यादीही लहान नव्हती. स्वतःच्या हातावर अवाजवी विश्वास, चेंडू सांभाळण्यात ढिलाई, आणि प्रतिपक्षाने मांडणी लपविली की होणारा गोंधळ. त्याच सप्टेंबरमध्ये पहिल्या सामन्यातील त्याची अगदी पहिली फेक प्रतिपक्षाने मध्येच पकडून थेट गुणरेषेपलीकडे नेली. तो सामना मात्र त्याच्या संघाने ४८–१७ असा जिंकला. पहिल्या हंगामानंतर प्रशिक्षक बदलला. नवा प्रशिक्षक दोन हंगाम राहिला आणि त्यांतील दुसऱ्या, म्हणजे २०२० च्या हंगामात संघाने सोळांपैकी दोनच सामने जिंकले.

२१ ऑक्टोबर २०१९ ची रात्र अमेरिकन रसिक विसरलेले नाहीत. न्यू इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेट्सचा ३३–० असा धुव्वा उडाला. डार्नोल्डच्या बत्तीस फेकींपैकी अकराच सहकाऱ्यांच्या हाती पोहोचल्या आणि चार प्रतिपक्षाने पळविल्या. दूरचित्रवाणीसाठी त्याच्या अंगावर ध्वनिग्राहक बसविलेला होता. बाकावर बसून तो आपल्या माणसांशी बोलत असता, आपल्याला भुते दिसत आहेत, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले, आणि ते साऱ्या देशाने ऐकले. नसलेले शत्रू दिसू लागणे ही त्या खेळातील जुनी उपमा आहे. वारंवार मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकला रिकाम्या जागेतही धावून येणारा माणूस भासतो. परंतु उपमेचा अर्थ जाणणाऱ्यांनीही तिचे हसे केले. तो बावीस वर्षांचा होता आणि नुकताच आजारातून उठून मैदानात परतला होता.

ह्या प्रसंगाकडे आम्ही वकिलाच्या नजरेने पाहतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या पुराव्याच्या कायद्यात आरोपीविरुद्ध ग्राह्य धरीत नाहीत. पक्षकार आपल्या वकिलाशी जे बोलतो त्यास संरक्षण असते. ह्यामागे केवळ दया नाही. जेथे माणसाने खरे बोलावे अशी आपली इच्छा असते, तेथे खरे बोलण्याचा दंड त्याला होता कामा नये, एवढा व्यवहार त्यात आहे. आपल्याला काय दिसत नाही हे खेळाडूने प्रशिक्षकाला सांगितले तरच प्रशिक्षक त्याला शिकवू शकतो. डार्नोल्डने त्या रात्री आपल्या दोषाचे अचूक निदान केले होते. तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. दोष ओळखणे हा गुण आहे; पण परीक्षकाने त्याची नोंद दोषांच्याच रकान्यात केली.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. ज्या आधारावर कर्म घडते तो आधार, कर्ता, त्याची साधने, त्याचे निरनिराळे प्रयत्न, आणि पाचवे दैव. पुढे असेही म्हटले आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. हा उपदेश आपण सहसा अहंकाराविरुद्ध वाचतो. आम्हांस तो निवाडा करणाराविरुद्धही तितकाच लागू वाटतो: जो दुसऱ्याला एकट्यालाच कर्ता मानतो, त्यालाही नीट दिसत नाही. (१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल ह्या दोघा तत्त्वज्ञांनी ‘नैतिक दैव’ ह्या प्रश्नाची जी चर्चा सुरू केली, तिचे बीज आमच्या मते ह्याच जागी आहे.) फेक पुरी होण्याची टक्केवारी कर्त्याच्या नावावर छापली जाते, पण पाचांपैकी चार कारणे त्या आकड्यात मुकाट्याने बसलेली असतात.

एप्रिल २०२१ मध्ये जेट्सने डार्नोल्डला कॅरोलायनाकडे धाडले आणि त्याच महिन्यात झॅक विल्सन नावाचा दुसरा तरुण क्वार्टरबॅक निवडला. तीन हंगामांनंतर त्याचीही पाठवणी झाली. दोन फिर्यादींत आरोपी निरनिराळे आणि घटनास्थळ मात्र एकच असेल, तर चौकशी घटनास्थळाचीही व्हावयास हवी. येथे तर घटनास्थळाचा मालकच न्यायासनावर बसलेला होता. मुलाला निवडणारा तोच, त्याच्या पुढची फळी उभारणारा तोच, प्रशिक्षक बदलणारा तोच, आणि अखेरीस मुलगा नालायक ठरला असे सांगणाराही तोच. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कायद्याच्या पहिल्या वर्षी शिकवितात.

पुढे २०२४ च्या हंगामात मिनेसोटा संघाकडून खेळताना डार्नोल्डने ३५ टचडाउन फेकी केल्या आणि संघाने सतरांपैकी चौदा सामने जिंकले. मुलगा तोच, हात तोच. परंतु येथेही घाईने टाळ्या पिटण्यात अर्थ नाही. त्या हंगामाच्या शेवटच्या दोन्ही सामन्यांत संघाला नऊच गुण मिळाले आणि दोन्ही हरले. बादफेरीच्या सामन्यात तर प्रतिपक्षाने डार्नोल्डला चेंडूसकट नऊ वेळा पाडले, आणि चेंडू फार वेळ हातात धरून ठेवण्याची जुनी खोड पुन्हा वर आली. दोष नाहीसे झाले नव्हते. चांगल्या घरात ते झाकले गेले होते. मार्च २०२५ मध्ये सिॲटल संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. त्यापुढील जमाखर्च आम्ही येथे मांडीत नाही, कारण नंतरच्या यशावरून आधीचा अन्याय सिद्ध करावयाचा असेल, तर नंतर अपयश आले असते म्हणजे तो अन्याय न्याय ठरला असता काय? रोझेनला तर एका हंगामानंतरच त्याच्या संघाने दूर केले आणि तो पुढे कोठेच स्थिरावला नाही. त्याच्यावर अन्याय झाला की नाही, हा प्रश्न त्याच्या अपयशाने मिटत नाही.

उलट बाजूचे उदाहरण ॲलनचे. हात असा की चेंडू मैदानाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे जावा. परंतु विद्यापीठात त्याच्या शंभरांपैकी छप्पन्नच फेकी योग्य हाती पडत. नेमकेपणा शिकविता येत नाही, असा त्या क्षेत्रातील जाणत्यांचा समज होता. बफेलो संघातील पहिल्या हंगामात त्याचा आकडा ५२.८ टक्क्यांवर उतरला. दुसऱ्या हंगामात ५८.८. तिसऱ्यात, म्हणजे २०२० मध्ये, ६९.२. त्या अवधीत मुख्य प्रशिक्षक बदलला नाही, चढाईचा प्रशिक्षक बदलला नाही, आणि तिसऱ्या वर्षी स्टेफॉन डिग्जसारखा झेलणारा आणून दिला गेला. मुलाने स्वतः फेकीची धाटणी कष्टाने सुधारली, हेही तितकेच खरे. २०२४ च्या हंगामासाठी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता येथे एक धोका आहे, आणि तो वकिलांच्या चटकन ध्यानी यावा. ॲलनचा निकाल हा पूर्वनिर्णय म्हणून वापरला जाऊ लागला. निकालातील तत्त्व बाजूस राहिले आणि वस्तुस्थितीतील वरवरचे साम्य तेवढे उचलले गेले: मुलगा उंच आहे, हात बळकट आहे, नेमकेपणा नाही, तर मग तोही ॲलन होईल! २०२३ मध्ये इंडियानापोलिस संघाने अँथनी रिचर्डसनला चौथ्या क्रमांकावर घेतले. विद्यापीठात त्याने अवघे तेरा सामने आरंभापासून खेळले होते. पहिल्या हंगामात खांदा दुखावला, आणि दुसऱ्यात निम्म्याहून कमी, ४७.७ टक्के, फेकी पुऱ्या झाल्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यात त्याने एका चालीपुरते स्वतःस बाहेर काढण्याची खूण केली. नंतर विचारता त्याने सरळ सांगितले की आपण दमलो होतो. गदारोळ झाला. सहकाऱ्यांनीही नापसंती लपविली नाही. पुढच्या सामन्यात त्याच्या जागी एकोणचाळीस वर्षांचा जो फ्लॅको उतरला. आम्ही डार्नोल्डच्या खरेपणाची बाजू घेतली. मग रिचर्डसनच्या खरेपणाची का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. परंतु दोघांत फरक आहे. पहिल्याने आपल्याला काय जमत नाही ते सांगितले आणि जागेवर राहिला. दुसऱ्याने जागा सोडली, आणि ती जागा त्याच्या एकट्याची नव्हती. संघात त्रेपन्न माणसे असतात. त्यांचे खेळण्याचे आयुष्य थोडके असते आणि गुडघे एकदाच मिळालेले असतात. होतकरू मुलाला दिलेल्या प्रत्येक हंगामाचा खर्च ही माणसे भरतात. कोर्टात एका पक्षकाराला तारीख वाढवून दिली की ती दुसऱ्याच्या आयुष्यातून वजा होते. बाकावर ताटकळणाऱ्या अशिलाचा चेहरा ज्याने पाहिला आहे त्यास हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून सबुरी हा निरपवाद गुण आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने एकवीस वर्षांखालील अपराध्याबाबत जी तरतूद केली आहे तिच्यात आम्हांस अधिक शहाणपण दिसते. त्यास शिक्षा होऊच नये, असे तो कायदा म्हणत नाही. तुरुंगात पाठविण्यापूर्वी त्याच्या स्वभावाचा, शरीरमनाच्या स्थितीचा अहवाल मागवावा, आणि तरीही पाठवावयाचे ठरले तर कारणे लिहून ठेवावीत, असे तो म्हणतो. कारणे लिहावयाची म्हटली की हात अडखळतो. मुलाचा दोष कोणता आणि आपला कोणता, हे एकाच कागदावर मांडावे लागते.

खेळातील मालकांवर असे कोणतेही बंधन नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियानापोलिसने रिचर्डसनला मागे सारून डॅनियल जोन्स याला पुढे केले. हा जोन्स म्हणजे २०१९ साली न्यूयॉर्क जायंट्सने सहाव्या क्रमांकावर निवडलेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच संघाने निरुपयोगी म्हणून सोडून दिलेला खेळाडू. रिचर्डसन त्या वेळी तेवीस वर्षांचा होता.