मळ कोणता आणि अंग कोणते?

मळ काढावा यात दुमत नाही. पण कोठवर काढावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ताम्हनाच्या बाबतीत तो पडतच नाही. चिंच लावली, राखेने घासले, लखलखीत झाले. परंतु आमच्या खर्डीत एका घरी जुनी बुलेट आहे. मुलाला ती नव्यासारखी करायची आहे, आणि जिने आपल्याला वर्षानुवर्षे कसाऱ्याचा घाट चढवला तिला हात लावू नको, असे वडिलांचे म्हणणे. दोघांत अबोला धरण्याची पाळी आली, तेव्हा गोष्ट माझ्यापर्यंत आली.

ही गाडी आपल्या देशात 1955 पासून मद्रासेत जुळू लागली. जुन्या बुलेटचे सिलिंडर बिडाचे, खालची क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची. शेजारी दोन धातू, पण स्वभाव दोन. लोखंडाचा गंज पोकळ. तो पापुद्र्याने सुटतो, खाली पुन्हा हवापाणी पोचते, आणि लोखंड आतवर खाल्ले जाते. अ‍ॅल्युमिनियमचे उलट. घासून उघडे केले, की हवेतला प्राणवायू घेऊन क्षणात त्यावर डोळ्यांना न दिसणारे कवच चढते, आणि तेच पुढची झीज थांबवते. एकाचा गंज त्याला खातो, दुसऱ्याचा त्याला राखतो! आता याला मळ म्हणावे की अंगावरची कातडी? मात्र ओल साचून जी पांढरी भुकटी धरते ती निराळी. तिच्याखाली धातूला खड्डे पडतात, ती काढलीच पाहिजे.

धर्मशास्त्रात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. मनूने तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांची शुद्धी क्षार, आंबट आणि पाणी यांनी सांगितली, पण ज्याला जे योग्य त्याने, अशी पुस्ती जोडून. माझ्या मते ती पुस्तीच खरे शास्त्र. त्या यादीत अ‍ॅल्युमिनियम कोठून असणार? तो धातू 1825 साली प्रथम वेगळा काढला गेला. आणि पाहा, पितळेच्या भांड्याला राख सोसते, पण अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोड्यासारखा जहाल क्षार लावाल तर कवच विरघळून धातूच खाल्ला जातो. स्वभाव न ओळखता केलेली शुद्धी ही हिंसाच नव्हे काय?

म्हणून वडिलांना म्हटले, "अहो भाऊ, तुमची आठवण काय गंजात राहते? जुने म्हणून गंज पुजायचा, हा आळस झाला." आणि मुलाला म्हटले, "बाळा, बफिंगच्या चाकाखाली क्रँककेस धरू नकोस. तिच्यावर ठोकलेला नंबर झिजला, तर आर.सी. बुकातली गाडी आणि अंगणातली गाडी एकच, हे कोणाला पटवशील? आणि गिअरजवळ वडिलांच्या बुटाने जी जागा गुळगुळीत झाली आहे, तो मळ नव्हे. ती तशीच असू दे."

राहिली कामाची रीत. इंजिन गार असताना रॉकेलने तेलकट चिखल सोडवावा. बिडाला तारेचा ब्रश चालतो. अ‍ॅल्युमिनियमला नको, कारण लोखंडाचे कण त्या मऊ धातूत रुततात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके उठतात. पांढऱ्या डागांवर लिंबू फिरवावे, लगेच भरपूर पाण्याने धुवावे, पुसून कोरडे करावे. आणि हो, आमच्याकडे पावसाळ्यात गाडीवर गोणपाट टाकायची सवय आहे, ते चार महिने ओलेच राहते. ते आधी उतरवा, आणि खालून वारा खेळेल असे सैल आच्छादन घाला.