नाव कोणाचं, कुठवर

टॉल्किन यांच्या पात्रांच्या नावांचे अर्थ शोधायला बसलं की ते सापडतात. ते ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवत. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि त्या बोलणारी माणसं मागाहून आली. गँडाल्फ आणि 'द हॉबिट'मधले बहुतेक बुटके 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचललेले आहेत. गँडाल्फ म्हणजे काठी बाळगणारा एल्फ. फ्रोडोच्या मुळाशी अनुभवाने शहाणा झालेला माणूस आहे, स्मीगलच्या मुळाशी बीळ. माझ्या भाचीकडे अशा अर्थांची एक वहीच आहे. तीत राउलिंगबाईंचा ल्यूपिन आहे, त्याच्या आडनावात लांडगा लपलेला. डम्बलडोरही आहे, आणि तो जुन्या इंग्रजी बोलीत भुंगा निघतो. ती मन लावून लिहिते, आणि मला ते फार आवडतं. पण त्या वहीत एक गोष्ट मी तिला लिहायला लावली. 'द हॉबिट'च्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात जादूगाराचं नाव ब्लाडॉर्थिन होतं आणि गँडाल्फ होता बुटक्यांचा म्होरक्या. नाव तेच, अर्थ तोच, फक्त ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेलं. मग त्या अर्थाने आपल्याला त्या म्हाताऱ्याबद्दल नेमकं काय सांगितलं?

"मावशी, मग गेडचा अर्थ काय गं?" असं तिने विचारलं, तेव्हा सांगण्यासारखं काहीच नव्हतं. गेड हा उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसीचा नायक. १९७३च्या एका लेखात त्यांनी म्हटलंय की पात्राचं खरं नाव सापडेपर्यंत त्यांना त्याच्याविषयी लिहिताच येत नसे. नाव त्या ऐकत, घडवत नसत. 'गेड' त्यांनी कुठल्या कोशातून उचललेलं नाही. आणि तरीही नाव म्हणजे काय, या प्रश्नाचा त्यांच्याइतका पाठपुरावा करणारा दुसरा कल्पितकथाकार मला माहीत नाही. १९६८च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'पासून २००१च्या 'दि अदर विंड'पर्यंत तो चालला. मी त्याला धर्माचा प्रश्न मानते. नावांच्या अर्थांचं कुतूहल तिथे फार लवकर मागे पडतं.

अर्थसीत बहुतेकांना दोन नावं. एक चारचौघांत हाक मारायचं, दुसरं खरं. खरं नाव सृष्टीच्या मूळ भाषेतलं असतं, आणि ज्याला ते ठाऊक त्याची त्या वस्तूवर, त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून ते झाकून ठेवायचं. आपल्याकडे वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं, हे कितीतरी घरांत आजही आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मग ते मोठ्याने जाहीर होतं. माझ्या आईने वडिलांचं नाव उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नाही. नावाला हात लावला की माणसाला हात लागतो, ही समजूत आपण शिकत नाही, तिच्यातच वाढतो.

ती खरी आहे का, हा वाद मात्र जुना आणि चुरशीचा आहे. मीमांसक म्हणाले, शब्द आणि अर्थ यांचा संबंध कुणी जोडलेला नाही, तो जन्मजात आहे. नैयायिक म्हणाले, तो संकेत आहे, ठरवला म्हणून चालतो. ग्रीसमध्ये प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात हाच तंटा आहे, आणि तो सुरूच होतो एका माणसाच्या नावावरून. हर्मोजेनिस म्हणजे हर्मीसच्या वंशातला, आणि हर्मीस हा धनलाभाचा देव. पण या हर्मोजेनिसच्या हाती पैसा टिकत नाही. तेव्हा क्रॅटिलस त्याला तोंडावर सांगतो की सगळ्या जगाने तुला या नावाने हाक मारली तरी ते तुझं नाव नव्हे. माझ्या भाचीच्या वहीतली प्रत्येक नोंद क्रॅटिलसच्या बाजूने मत देते. कल्पितकथेत क्रॅटिलस जिंकतो, कारण तिथे नाव ठेवणारा आणि नशीब लिहिणारा एकच असतो. आपल्या जगात तसं आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न.

ले ग्विन सुरुवातीला क्रॅटिलसच्या बाजूने उभ्या दिसतात. रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत एकाकी बुरुजात बसून मुलं नावांच्या याद्या पाठ करतात, प्रत्येक भूशिराचं, प्रत्येक खाडीचं, प्रत्येक गवताचं नाव. छांदोग्य उपनिषदातला नारद आठवतो. वेद, इतिहास, व्याकरण, सगळं शिकून तो सनत्कुमारांकडे येतो आणि म्हणतो, तरी माझा शोक जात नाही. सनत्कुमार त्याला सांगतात की तू शिकलास ते सगळं नावच आहे. ते नावाला तुच्छ म्हणत नाहीत. नावाची उपासना कर म्हणतात, आणि मग नावाहून मोठं काय ते एकेक पायरीने दाखवत जातात. गेडही याद्यांमध्ये पहिला येतो, आणि त्याच विद्येच्या गर्वात स्वतःवर एक काळी छाया ओढवून घेतो. तिला नाव नाही, म्हणून ती आवरता येत नाही. तो समुद्रभर पळतो, मग उलट फिरून तिचा पाठलाग करतो. शेवटी समोरासमोर येतात तेव्हा दोघं एकाच क्षणी एकमेकांचं नाव उच्चारतात, आणि ते नाव एकच असतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. कोशातला अर्थ इथे काही कामाचा नाही. त्या नावात काय आहे ते त्या क्षणी ठरतं, ते नाव घेणाऱ्याच्या धाडसाने.

पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी जागा. छायेच्या घटनेनंतर गेड आजारातून उठलाय, चेहऱ्यावर व्रण आहेत, आत्मविश्वास गेलाय. त्याचा मित्र व्हेच निरोप घ्यायला येतो आणि जाता जाता त्याला आपलं खरं नाव सांगतो, एस्टारिओल. गेड त्याला आपलं सांगतो. ज्या जगात नाव कळणं म्हणजे जीव हातात येणं, तिथे कुणी कारण नसताना, काही न मागता ते दुसऱ्याच्या हातात ठेवतं. नावाची सत्ता हिसकावून घेतली तर जादू होते आणि आपणहून दिली तर मैत्री, हे ले ग्विन यांनी एका छोट्या प्रसंगात सांगून टाकलंय.

त्यांच्या घरात या गोष्टीची एक आठवण होती. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियातले मोठे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली 'याही' नावाच्या तिथल्या मूळनिवासी जमातीपैकी एकटा उरलेला एक माणूस ऑरोव्हिल गावाजवळ सापडला आणि क्रोबर यांच्या संग्रहालयात राहायला आला. त्याने आपलं नाव कधीच सांगितलं नाही. स्वतःचं नाव स्वतः उच्चारायचं नाही, आपल्यातल्या कुणीतरी ते सांगायचं, अशी त्याच्या लोकांची रीत होती, आणि आपलं म्हणावं असं कुणी उरलंच नव्हतं. क्रोबर त्याला इशी म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस, एवढाच. १९१६ साली तो क्षयाने गेला, ले ग्विन यांच्या जन्माच्या तेरा वर्षं आधी. त्यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, त्याच्यावर १९६१ साली पुस्तक लिहिलं. ते पुस्तक आणि अर्थसी यांना मी दोरीने बांधत नाही. पण नाव माणसाच्या आत दडलेलं नसतं, ते घेणारं दुसरं कुणी लागतं, याची इशीइतकी साक्ष मला कुठल्या दर्शनात मिळालेली नाही.

'द टूम्ब्ज ऑफ अटुआन' (१९७१) हे मला या मालिकेतलं सगळ्यात जवळचं पुस्तक. तेनार नावाची मुलगी पाच वर्षांची असताना घरातून नेली जाते. आधीची मुख्य पुजारीण ज्या रात्री वारली त्या रात्री ती जन्मली, म्हणून ती तीच, असं ठरतं. वर्षभराने विधी होतो आणि तिचं नाव देवांना वाहिलं जातं. त्या देवांनाही नाव नाही. यापुढे ती अर्हा, म्हणजे खाल्ली गेलेली. अंधाऱ्या भुयारांची ती मालकीण असते आणि कैदीणही. चोरी करायला भुयारात शिरलेला गेड तिच्या तावडीत सापडतो, तहानेने मरायला टेकतो, आणि तिला तिच्या जुन्या नावाने हाक मारतो. मग ती जागी होऊन स्वतःशी तेच नाव घेते. मग तोही तिला स्वतःचं खरं नाव देतो. तेनार म्हणजे काय, हे पुस्तक कुठे सांगत नाही, आणि मला ते विचारावंसंही वाटत नाही. आईने त्या नावाने अंगणातून हाक मारली होती, एवढं पुरेसं आहे.

माझ्या आईचं नाव लग्नात बदललं. सासरी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि पुढे रेशनकार्डापासून दवाखान्याच्या केसपेपरापर्यंत तेच राहिलं. माहेरचं नाव तिने मला एकदा दुपारी, धान्य निवडताना सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. ती गेली तेव्हा सपिंडीच्या वेळी गुरुजींनी भावाला नावं विचारली, आई, आजी, पणजी. त्याने सांगितली ती तिन्ही सासरची नावं. त्याचा काही दोष नाही, त्याला तीच ठाऊक. पण मी मागे बसले होते आणि मला कळत होतं की ज्या मुलीला कुणी अंगणातून हाक मारली असेल, तिला इथे कुणी बोलावलेलंच नाही. मी मनात ते नाव घेतलं.

त्याच विधीत आणखी एक गोष्ट होते, आणि ती मला तेव्हा क्रूर वाटली. तीन पिढ्यांचीच नावं घेतात. नवीन माणूस आत आलं की सगळ्यात जुनं नाव बाहेर पडतं. त्या दिवशी माझ्या खापरपणजीचं नाव कायमचं उच्चारायचं थांबलं. ते नाव आता कुठे आहे?

ले ग्विन याच प्रश्नाकडे वळल्या, आणि उशिरा वळल्या. 'द फार्देस्ट शोअर'मध्ये (१९७२) गेड दगडांची एक ठेंगणी भिंत ओलांडून मृतांच्या कोरड्या प्रदेशात जातो. तिथे सूर्य नाही, तारे हलत नाहीत. प्रेमापायी मेलेली माणसं रस्त्यात एकमेकांजवळून जातात आणि थांबत नाहीत. नाव आहे, बाकी काही नाही. त्या पुस्तकात ही मृत्यूची रीतच मानलेली आहे. मग 'दि अदर विंड'मध्ये ऑल्डर नावाचा साधा, मोडलेलं सांधणारा एक माणूस येतो. त्याची मेलेली बायको रोज स्वप्नात भिंतीपलीकडून हात पुढे करते आणि मला मोकळं कर म्हणते. अर्थसीतल्याच कारगी लोकांना मात्र मूळ भाषेतली खरी नावं नसतात, आणि ते मेले की पुन्हा जन्मतात. त्यांची राजकन्या सेसेराख या जादूवाल्या लोकांबद्दल हळहळते, कारण त्यांना परत येता येत नाही. हळूहळू उलगडतं की ती भिंत निसर्गाने घातलेली नाही. पूर्वीच्या जादूगारांनी अमर होण्याच्या हव्यासापायी, नावांच्या बळावर, ड्रॅगनांची भूमी बळकावून ती घातली. जे नाव आयुष्यभर जपलं त्यानेच त्यांना कोंडलं. शेवटी भिंत पडते आणि मृत एकेक करून बाहेर येतात आणि विरतात. मुंडकोपनिषदात समुद्राला मिळणाऱ्या नद्या नाव आणि रूप टाकतात, तसं.

चाळिशीच्या उंबरठ्यावर बांधलेल्या जगाचा पायाच ले ग्विन यांनी सत्तरी ओलांडल्यावर असा उकरला, याचा मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी आणखीही एक दुरुस्ती केली. रोकच्या शाळेत बायकांना प्रवेश नव्हता, नावांची विद्या पुरुषांच्या ताब्यात होती. 'टेहानू'पासून (१९९०) त्या हे उघडपणे लिहू लागल्या. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या मला ती बंदी पहिल्या वाचनातच खटकली होती. आमच्याकडे नाम घ्यायला जनाबाईला कुणाची परवानगी लागली नाही, चोखोबांना देवळात शिरू दिलं नाही तरी नाम त्यांच्याकडून काढून घेता आलं नाही. नाम मोठ्याने घ्यायचं असतं, रस्त्यातून, सगळ्यांनी मिळून. आणि ते आपलं नसतं. आपलं नाव गळून जायचं आहे, हे मान्य करणं मला ज्या दिवशी थोडंफार जमलं, ते ह्या दुसऱ्या नावामुळे जमलं.

एवढ्याने सगळं जुळलं असं मात्र मी म्हणणार नाही. टेहानू ही आगीत ढकलून दिलेली मुलगी. तिच्याच माणसांनी तिला जाळलं. तेनारने तिला वाढवलं, पण खरं नाव तिला कुणा जादूगाराने दिलं नाही. केलेसिन हा सर्वांत जुना ड्रॅगन येतो आणि तिला त्या नावाने हाक मारतो. ते एका ताऱ्याचं नाव आहे, आणि ते पहिल्यापासून तिचंच होतं. ज्या पुस्तकात हजारो मृत आपापली नावं सोडून मोकळे होतात, त्याच पुस्तकात ही मुलगी आपलं नाव घेऊन आकाशात जाते. एकीकडे नाव टाकल्याशिवाय सुटका नाही, दुसरीकडे नाव मिळाल्याशिवाय सुटका नाही. ज्यांचं नाव कधी कुणी धड घेतलंच नाही त्यांना ते आधी मिळायला हवं आणि मगच सोडायला सांगावं, असं मला वाटतं. ले ग्विन यांना असंच म्हणायचं होतं का, हे पुस्तक सांगत नाही. माझ्या आईच्या बाबतीत मी तसंच करते. पक्ष पंधरवड्यात भाऊ एक नाव घेतो, मी दुसरं घेते.