धारेवरून खाली उतरताना

(उपवासकाळातील दुसरा रविवार)



उपवासकाळाचा दुसरा रविवार आला की शुभवर्तमान आपल्याला डोंगरावर घेऊन जाते. दरवर्षी. कधी मत्तयच्या, कधी मार्कच्या, कधी लूकच्या शब्दांत. पण प्रसंग तोच. प्रभू येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच बरोबर घेतो, उंच डोंगरावर जातो आणि तेथे त्याचे रूप पालटते. डोंगराचे नाव शुभवर्तमानकारांनी दिलेले नाही. परंपरेने त्याला ताबोर म्हटले, काही पंडित हर्मोनकडे बोट दाखवतात. त्या वादात आज शिरायचे नाही. आज बोलायचे आहे ते कात्रजच्या डोंगराविषयी.

हसू नका. गेले दोन महिने आपल्या धर्मग्रामातली तरुण मुले आमच्या मागे लागली आहेत की कात्रज ते सिंहगड चालत जायचे आहे, फादर, तुम्हीही चला. आणि त्याच दोन महिन्यांत मिस्सेनंतर दारात उभ्या राहणाऱ्या आयांनी आम्हाला दुसरीच बाजू ऐकवली आहे. "फादर, रविवार उजाडला की हा पाठीला पिशवी लावून निघतो. मिस्सा नाही, काही नाही. विचारलं तर म्हणतो, देव डोंगरावर पण आहे." एका ज्येष्ठ गृहस्थांनी तर सरळच विचारले, उपवासकाळात असली सहल शोभते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो सोपा आहे. ज्यांना ती वाट सहल वाटते, त्यांनी ती चाललेली नसावी. जुन्या कात्रज बोगद्याजवळ, वाघजाईच्या देवळापासून चढ सुरू होतो आणि मग सिंहगडापर्यंत डोंगराची धार धरून चालायचे. अंतर पंधरा-एक किलोमीटर. वाटेतल्या टेकड्या कोणी तेरा मोजतो, कोणी सोळा. दमलेला माणूस जास्त मोजतो. एक टेकडी चढली की लगेच उतरायची, पुन्हा दुसरी चढायची. ही शेवटची, असे मनाशी म्हणत माथ्यावर पोहोचावे तर पुढे आणखी एक उभी. उतारावर मुरूम इतका सुटा असतो की पाय ठेवला की दगडासकट माणूस घसरतो. धारेवर पाणी नाही. फाल्गुनात सावलीही नाही, गवत वाळलेले, कुठे वणव्याने काळे पडलेले. म्हणून तर बरेच जण ही वाट पौर्णिमेच्या रात्री करतात. दिवसा करायची तर पहाटेच निघावे लागते आणि प्रत्येकाने तीन लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर वाहावे लागते. यात जिभेचे लाड फार होत नाहीत, एवढे त्या गृहस्थांना सांगितले. हो, सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही मिळते, हे मात्र त्यांना सांगितले नाही.

पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना सुट्टीच्या दिवशी आम्ही या डोंगरांत पुष्कळ हिंडलो. रात्रीपेक्षा दिवसाची वाट आम्हाला नेहमीच अधिक आवडली, कारण दिवसा दिसते. उत्तरेला सगळे पुणे पसरलेले, पश्चिमेकडे खडकवासल्याचे पाणी, दक्षिणेला खेड-शिवापूरचे खोरे आणि साताऱ्याचा रस्ता. आपल्या भाषेत डोंगराच्या माथ्याला धार म्हणतात, सुरीच्या कडेलाही धार म्हणतात आणि पाण्याच्या ओघालाही धारच म्हणतात. या डोंगरावर तिन्ही अर्थ एकत्र येतात. पावसाचा थेंब धारेच्या उत्तरेला पडला तर मुठेला जातो, हातभर दक्षिणेला पडला तर शिवगंगेला, तेथून गुंजवणी आणि नीरेला. शेवटी दोन्ही पाणी भीमेलाच मिळते, पण किती लांबच्या वाटेने! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या डोंगरावर जो पाऊस कोसळला तो दोन्हीकडे धावला. इकडे आंबिल ओढ्याने पुण्यातल्या वस्त्या बुडवल्या, तिकडे शिवापूरच्या बाजूलाही झोपेतली माणसे वाहून गेली. ओढ्याच्या पात्रात घरे आणि भिंती उभ्या करायच्या, डोंगर फोडून सपाट करायचे आणि मग पावसाला दोष द्यायचा, ही आपली रीत. धारेवर एकदा उभे राहून खाली पाहिले की ओढा कुठून येतो आणि कुठे अडतो हे पोरासोरालाही कळते.

आता त्या आयांचा प्रश्न. देव डोंगरावर पण आहे. मुलगा खोटे बोलत नाही. मोशेला सिनायवर बोलावणे आले, एलियाला होरेबवर, आणि आजच्या शुभवर्तमानात तेच दोघे प्रभूशी बोलताना दिसतात. प्रभू स्वतः प्रार्थनेसाठी पुन्हा पुन्हा डोंगरावर एकटा जात असे. संत पोप जॉन पॉल दुसरे हे तरुण धर्मगुरू असताना विद्यार्थ्यांना घेऊन पोलंडच्या डोंगरांत भटकत. साम्यवादी राजवटीत धर्मगुरूने तरुणांचे गट चालवणे सरकारला चालत नसे, म्हणून ती मुले त्यांना फादर न म्हणता 'काका' म्हणत. पोप पायस अकरावे हे तर पोप होण्यापूर्वी आल्प्सचे कसलेले गिर्यारोहक होते. तेव्हा डोंगराला पाप म्हणणाऱ्यांच्या बाजूने आम्ही उभे राहू शकत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. इटालियन कवी पेट्रार्क १३३६ साली आपल्या भावाबरोबर फ्रान्समधल्या व्हाँतू डोंगरावर चढला. एका पत्रात त्याने ते लिहून ठेवले आहे. माथ्यावर त्याने खिशातले संत ऑगस्टीनचे पुस्तक सहज उघडले, तर समोर आले ते वाक्य नेमके डोंगरांविषयीचे: माणसे पर्वतांची उंची आणि समुद्राच्या लाटा पाहून थक्क होतात आणि स्वतःकडे मात्र पाहायचे विसरतात, अशा अर्थाचे. पेट्रार्क खजील झाला आणि उतरताना बोलेनासा झाला. सेमिनरीत हे शिकवले तेव्हा आम्हाला वाटे, ऑगस्टीनने बिचाऱ्याचा आनंद उगाच घालवला. आता वय चाळिशीच्या पुढे गेले आहे आणि ऑगस्टीनचे म्हणणे पटते, पण पूर्ण नाही. स्वतःकडे पाहणे पुरेसे नाही. खाली कोण वाट पाहत आहे, तेही पाहावे लागते.

आज वेदीवरून वाचलेले शुभवर्तमान जिथे थांबते, तिथे थांबू नका. घरी गेल्यावर मत्तयचा सतरावा अध्याय उघडा आणि पुढच्या ओळी वाचा. पेत्राला वर तीन मंडप बांधून राहायचे होते. ते घडले नाही, चौघे उतरले. आणि उतरल्याबरोबर काय? गर्दी, आणि गर्दीतून एक बाप येऊन गुडघे टेकतो. त्याचा मुलगा आजारी आहे, फेपरे येऊन कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. वर तिघे शिष्य तेज पाहत होते, तेव्हा खाली बाकीचे शिष्य त्या मुलापुढे हतबल होऊन उभे होते. इटलीच्या राफाएल या चित्रकाराने १५२० साली मरण येण्यापूर्वी जे शेवटचे मोठे चित्र रंगवले त्यात या दोन्ही गोष्टी एकाच फळीवर आहेत. वरच्या अर्ध्या भागात प्रकाशात प्रभू, खालच्या अर्ध्यात अंधार आणि तो डोळे फिरवलेला मुलगा. आपल्याकडच्या कॅलेंडरवर बहुधा वरचाच अर्धा भाग छापतात.

आपल्याच धर्मग्रामातल्या एका तरुणाविषयी लिहितो, त्याच्या परवानगीनेच. आयटी कंपनीत रात्रपाळी करतो. दोन वर्षांत चर्चची पायरी चढलेला नाही, पण एकही रविवार डोंगराशिवाय गेलेला नाही. आशीर्वादासाठी घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, "फादर, वर मला जी शांती मिळते ती चर्चमध्ये मिळत नाही. तुमच्यापुढे खोटं बोलू का?" आम्ही म्हटले, "नको बोलूस." आतल्या खोलीत त्याचे वडील पक्षाघाताने आठ महिने पलंगावर आहेत. कूस बदलायची तरी दोन माणसे लागतात. आई एकटीच करते, आठवड्याचे सातही दिवस. निघताना तो जिन्यापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी डोंगरावर जात नाही फादर, मी या घरातून जातो."

बंधुभगिनींनो, शुभवर्तमानात बाप आजारी मुलासाठी डोंगराच्या पायथ्याशी उभा आहे. इथे बाप आजारी आहे आणि मुलगा वर आहे. आम्ही त्याला उपदेश केला नाही. आठ महिने औषधांच्या वासात जगणाऱ्या पंचविशीच्या मुलाला रविवारी सकाळी मोकळी हवा हवीशी वाटली तर ते पाप म्हणून नोंदवायला आमचे मन तयार नाही. आम्ही एवढेच विचारले, तुझ्या आईचा डोंगर कोणता? तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे दोन सभासद त्यांच्या घरी जाऊन बसले आणि ती माउली आठ महिन्यांनी प्रथमच आपल्या बहिणीकडे जाऊन दुपारभर झोपून आली. मुलगा त्या दिवशीही डोंगरावरच होता. परवा मात्र त्याचा फोन आला. धारेवरून आपली इमारत कुठली, हे त्याने पाण्याच्या टाकीवरून शोधून काढले आहे म्हणे, आणि हल्ली तो बारापर्यंत घरी येतो. मिस्सेला अजून आलेला नाही. हेही लिहायला त्यानेच सांगितले.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी पिएर जॉर्जो फ्रासाती या तरुणाला संत म्हणून घोषित केले. ट्युरिन शहरातला श्रीमंत घरचा मुलगा, वडील एका मोठ्या वृत्तपत्राचे मालक. मित्रांना घेऊन आल्प्सचे डोंगर चढायचा, थट्टामस्करी करायचा आणि सोबत्यांना प्रार्थनेला व मिस्सेलाही ओढून न्यायचा. शहरात असला की याच व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत गरिबांच्या खोल्यांत औषधे आणि अन्न पोहोचवायचा. १९२५ साली, चोविसाव्या वर्षी, पोलिओने त्याला अवघ्या काही दिवसांत नेले. त्या आजाऱ्यांपैकीच कोणाकडून तो जडला असावा असे मानतात. घरच्यांना त्याची ही दुसरी बाजू फारशी ठाऊकच नव्हती. अंत्ययात्रेला रस्ते भरून गरीब माणसे उभी राहिली, तेव्हा ती त्यांना कळली. अखेरच्या महिन्यातल्या चढाईच्या एका छायाचित्रावर त्याने 'उंचीकडे' अशा अर्थाचे दोन शब्द लिहिले होते. ते आता जगभरच्या तरुणांच्या टी-शर्टवर असतात. ट्युरिनच्या जिन्यांवरून औषधे घेऊन चढतानाही त्याच्या मनात हेच शब्द असावेत, असे आम्हाला वाटते.

तर ठरले ते असे. युवक मंडळाची पदयात्रा पुढच्या रविवारी आहे. शनिवारी सायंकाळी साडेसहाची मिस्सा ही रविवारचीच मिस्सा आहे, धर्मसभेचा कायदा तसे स्पष्ट सांगतो. तेव्हा जे येणार त्यांनी ती चुकवू नये. रविवारी पहाटे साडेचारला चर्चच्या आवारातून गाडी निघेल. आम्ही बरोबर आहोत. प्रत्येकी तीन लिटर पाणी, डोक्याला टोपी, पायात पकड असलेले बूट. चप्पल घालून आलेल्याला गाडीत बसू देणार नाही. ज्यांना दमा, हृदयविकार वा गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी हट्ट करू नये. वेफर्सचे रिकामे पुडे आणि बाटल्या ज्याच्या त्याने परत आणायच्या. धारेवर विडी-सिगारेट पेटवायची नाही, वाळले गवत एका ठिणगीने पेटते.

दुपारी तीनपर्यंत परत येऊ. अंघोळ करून पाच वाजता सर्वांनी पुन्हा आवारात जमायचे आहे, कितीही पाय दुखत असले तरी. सोसायटीने आपल्या धर्मग्रामातल्या अंथरुणाला खिळलेल्या अकरा जणांची यादी दिली आहे. दोघादोघांनी जायचे, तासभर बसायचे, घरच्या माणसाला बाहेर फिरून येऊ द्यायचे. यातली तीन घरे चौथ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट नाही. नावे गुरुवारपर्यंत धर्मग्राम कार्यालयात द्यावीत; पदयात्रेची आणि भेटीची यादी एकच आहे, वेगळी नाही.

तुमचे प्रमुख धर्मगुरू