घाईतली हिंसा

आमच्या रामाकोन्यात बाळंतपणाची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, "नॉर्मल की सिझर?" सिझर म्हटलं की निकालही तयारच. म्हाताऱ्या म्हणतात, आजकालच्या पोरींना कळाच सोसत नाहीत. पुरुष म्हणतात, डॉक्टरनं पैशासाठी पोट फाडलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, 2005-06 मध्ये देशात शंभरातली साडेआठ बाळंतपणं सिझरनं झाली. 2019-21 मध्ये साडेएकवीस. त्यात सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के, खासगीत 47.4 टक्के. मग पोरींचा नाजूकपणा दवाखान्याची पाटी पाहून बदलतो का?

पण नुसत्या पैशानंही हे कोडं सुटत नाही. पहिलटकरणीच्या कळा बारा तास, कधी त्याहून जास्त चालतात. ऑपरेशन तासाभरात आटोपतं. छोट्या दवाखान्यात डॉक्टर एकटा, भुलीचा डॉक्टर बाहेरून बोलवायचा. रात्री बाळाचे ठोके मंदावले तर? त्या भीतीनं दिवसाच सुरी उचलली जाते. वाढलेलं वय, शुगर, बीपी ही कारणं आहेतच. आणि पंचांग घेऊन मुहूर्त काढणारे आपण? आपल्या समाजातही ते होतं, नाही म्हणू नका.

आपला धर्म हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात पाहतो. आई-बाळाला वाचवणारी सुरी मला हिंसा वाटत नाही. ती वेळेवर मिळाली नाही म्हणून कितीतरी बाया गेल्या. पण गरज नसताना, फक्त थांबायला कुणाला वेळ नाही म्हणून चाललेली सुरी हा प्रमादच. त्या व्रणाची जोखीम पुढच्या प्रत्येक गरोदरपणात तिलाच सोसावी लागते. आणि हा प्रमाद एकट्या डॉक्टरचा नाही. "लवकर काय ते करा" म्हणत दाराशी उभ्या असलेल्या आपलाही आहे.

म्हणून बायांनो, डॉक्टरांना सरळ विचारा, "सिझर का? थांबलं तर काय धोका?" 2016 पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एका बाईला थांबू देण्याची सूचना आहे. तो हक्क मागा. कंबर चोळणारं, धीर देणारं माणूस जवळ असलं की सिझरची वेळ कमी येते, असं अभ्यासही सांगतात.

आणि जिचं सिझर झालं, तिला "सोसवलं नाही का गं?" असं विचारू नका. पोटाच्या टाक्यांवर बोलण्याचा टाका कशाला?